गावात वीज आहे. दवाखान्यात आणि शाळेत ती किती वेळ असते?

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे गाव वीजजाळ्याला जोडले गेले आणि देशातील वस्ती असलेल्या प्रत्येक गावात वीज पोहोचल्याची घोषणा केंद्र सरकारने केली. त्यानंतरही ग्रामीण आरोग्य केंद्रात मोबाइलच्या उजेडात प्रसूती झाल्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचे मीटर थकबाकीपोटी काढून नेल्याच्या बातम्या येतच राहिल्या. वाचणाऱ्याला साहजिकच वाटते की या दोहोंपैकी एक बातमी खोटी असावी. प्रत्यक्षात दोन्ही खऱ्या असू शकतात. ते कसे, हे समजून घेतले की ग्रामीण शाळा आणि दवाखाने यांच्या दृष्टीने विजेचा प्रश्न नेमका कोठे अडला आहे, हेही कळते.

विद्युतीकरण झाले, म्हणजे काय झाले?

गाव केव्हा ‘विद्युतीकृत’ मानायचे, याचा सरकारी निकष २००४ सालापासून ठरलेला आहे. वस्तीत वीजवाहिनी आणि रोहित्र, म्हणजे गावच्या बोलीतला डीपी, उभारलेला असावा; शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज दिलेली असावी; आणि एकूण घरांपैकी किमान १० टक्के घरांत जोडणी असावी. एवढे झाले की गावापुढे खूण करता येते. उरलेल्या घरांसाठी पुढे २०१७ मध्ये ‘सौभाग्य’ योजना आली आणि तिने कोट्यवधी घरांत मीटर बसवले, हे मोठे काम होते, यात शंका नाही.

मात्र वीज दिवसातून किती तास राहावी, कोणत्या दाबाने यावी आणि बिघाड झाल्यास किती वेळात परत यावी, याविषयी हा निकष काहीही सांगत नाही. घराच्या बाबतीत ही उणीव त्रासदायक आहे. दवाखान्याच्या बाबतीत ती काही वेळा जिवावर बेतते.

भरवशाची वीज: तास, दाब आणि दुरुस्ती

पहिली गोष्ट तासांची. चोवीस तासांपैकी वीस तास वीज असणे ऐकायला बरे वाटते. पण गेलेले चार तास संध्याकाळी सहा ते दहा असतील, तर आरोग्य केंद्राच्या दृष्टीने तो दिवस अंधाराचाच. वीज कंपन्या खंडित पुरवठ्याची सरासरी मोजतात: एका ग्राहकाची वीज वर्षातून सरासरी किती वेळा गेली आणि एकूण किती वेळ गेली. ही सरासरी उपयोगी आहे, परंतु वीज कोणत्या वेळी गेली, हे तिच्यात दिसत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची, म्हणजे व्होल्टेजची. घरगुती वीज साधारण २३० व्होल्टने यायला हवी. गावातल्या सामाईक नळवाहिनीवर पहिल्या घरांनी मोटारी लावल्या की शेवटच्या घराच्या नळाला करंगळीएवढी धार येते; लांबलचक वीजवाहिनीच्या टोकाला असलेल्या वाडीचेही तेच होते. मध्ये शेतीपंप चालू झाले की टोकाचा दाब घसरतो, ‘लाईट डीम’ होते, पंखा कसाबसा फिरतो आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघर करून बंद पडतो. मग रात्री पंप बंद झाले की दाब एकदम चढतो आणि उपकरण जळते. ग्रामीण शाळांच्या कपाटात पडून असलेल्या अनेक संगणकांचा शेवट अशाच चढउतारात झालेला असतो.

शेतीपंप आणि गावठाण एकाच वाहिनीवर असणे, हे या दुखण्याचे जुने मूळ. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनाच्या काळात ‘अक्षय प्रकाश’ योजना आली. संध्याकाळी गावाने पंप व जड उपकरणे बंद ठेवायची आणि त्या बदल्यात दिव्यांसाठी अखंड वीज मिळवायची, असा तो सामंजस्याचा मार्ग होता. त्यानंतर सिंगल फेज योजना, म्हणजे पंप बंद असतानाही घरांना दिव्यांपुरती वीज देण्याची सोय, आणि गावठाण फीडर वेगळे करण्याचे काम झाले. गुजरातने २००३ नंतर ‘ज्योतिग्राम’ योजनेत हेच मोठ्या प्रमाणावर केले. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघून अनेक डीपींना वीज पुरवणारी मुख्य वाहिनी. ती वेगळी झाली की पंपांच्या वेळापत्रकाचा शाळेच्या वेळापत्रकाशी संबंध उरत नाही.

येथे एक अन्याय नोंदवला पाहिजे. भारनियमन करताना महावितरणने फीडरचे गट पाडले ते वीजगळती आणि वसुली यांच्या आधारे. ज्या फीडरवर आकडे टाकून चोरी जास्त आणि वसुली कमी, तो शेवटच्या गटात. त्याला अंधार अधिक. एप्रिल २०२२ मधील कोळसाटंचाईतही भारनियमनाचा मारा या शेवटच्या गटांतील फीडरवरच झाला. वसुलीचा विचार करता या धोरणामागचा तर्क समजतो. पण त्याच फीडरवर प्राथमिक आरोग्य केंद्र असेल, तर शेजाऱ्यांच्या थकबाकीची शिक्षा प्रसूतीसाठी आलेल्या बाईला का, याचे समाधानकारक उत्तर मला कधी मिळालेले नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. गडचिरोली किंवा मेळघाटात वाहिनी जंगलातून जाते. पहिल्या वळवाला फांदी पडते आणि वायरमनला तुटलेला गाळा, म्हणजे दोन खांबांमधली तार, शोधतच अर्धा दिवस जातो. बिघाड किती वेळात दुरुस्त व्हावा, याच्या मुदती राज्य वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेल्या आहेत, आणि त्यांत ग्रामीण भागाची मुदत शहरापेक्षा जास्त आहे. अंतरे पाहता ते व्यवहार्य असेल. फ्रिजमधली लस मात्र गाव आणि शहर असा भेद करत नाही.

आरोग्य केंद्रात वीज नेमकी कोठे लागते?

‘दवाखान्याला वीज’ म्हटले की डोळ्यांसमोर दिवे आणि पंखे येतात. खरे काम त्याच्या पलीकडे आहे. सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे मानक आहे. एवढ्या लोकांच्या लसी, बाळंतपणे, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि जखमांचे टाके या एका इमारतीवर अवलंबून असतात.

लसीपासून सुरुवात करू. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या अरुंद पट्ट्यात ठेवाव्या लागतात. कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत हा पट्टा सांभाळणाऱ्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. आरोग्य केंद्रातील लसीचा फ्रिज घरच्यासारखा नसतो. त्याच्या आतल्या भिंतींत पाणी भरलेल्या नळ्या किंवा पिशव्या असतात आणि वीज असताना त्यांचा बर्फ होतो. वीज गेली की हा बर्फ आतील तापमान धरून ठेवतो. म्हणूनच दिवसाला सलग आठ तास वीज मिळाली तरी हे यंत्र लस सुरक्षित ठेवू शकते. थोडक्यात, वीज जाणार हे गृहीत धरूनच ते बनवलेले आहे. पण आठ तास तुकड्यातुकड्यांनी आले, किंवा दाब इतका कमी असला की कॉम्प्रेसरच सुरू झाला नाही, तर बर्फ धरत नाही आणि सारे गणित फिसकटते. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाची लस देण्यास सुरुवात झाली, तेव्हा वापरात आलेल्या लसी याच २ ते ८ अंशांच्या साखळीतून खेड्यांपर्यंत गेल्या.

लोकांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते: लस उष्णतेने बिघडते तशी गोठल्यानेही बिघडते. पोलिओचे थेंब उष्णतेला नाजूक. तर पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), हिपॅटायटिस बी, धनुर्वात यांच्या लसी गोठल्या की निकामी. उष्णता लागली की नाही, हे कुपीवरच्या रंग बदलणाऱ्या चौकोनावरून कळते, पण गोठण्याची खूण तो चौकोन दाखवत नाही. त्यामुळे विजेचा खेळखंडोबा झालेल्या केंद्रात दिलेले इंजेक्शन वरून अगदी योग्य दिसू शकते आणि तरी बाळाला त्याचे संरक्षण मिळत नाही. हे नुकसान कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.

आता प्रसूतीगृह. बाळंतपणे घड्याळ पाहून होत नाहीत. रात्री टाके घालायचे तर स्थिर, पुरेसा उजेड लागतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन हे इंजेक्शनही २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. फ्रिज बंद राहिला तर त्याचा जोर ओसरतो आणि ते कळते ते बाई रक्तस्रावाने खचत असताना. जन्मलेल्या बाळाला ऊब देणारा वॉर्मर, घशातील स्राव ओढणारे सक्शन यंत्र, प्राणवायू देणारा कॉन्सन्ट्रेटर ही सर्व विजेवर चालतात. बाळ आईच्या उराशी धरून ऊब देता येते, सक्शन पायाने चालवता येते, हे खरे. अनुभवी आरोग्यसेविका तसे करतातही. पण एकाच वेळी आई आणि बाळ दोघांचीही प्रकृती बिघडली, तर दोन माणसे अंधारात किती हात पुरवणार?

उपकरणे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह हेही असेच नजरेआड राहणारे यंत्र. वाफेचे तापमान १२१ अंशांवर ठराविक मिनिटे टिकले, तरच कात्र्या आणि चिमटे निर्जंतुक झाले असे मानतात. मध्येच वीज गेली तर उरलेली मिनिटे नंतर भरून काढता येत नाहीत. सारा फेरा पहिल्यापासून करावा लागतो. दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या केंद्रात यामुळे काय मोह होतो, ते वेगळे सांगायला नको.

याखेरीज टाकीत पाणी चढवणारी मोटार आहे, प्रयोगशाळेत रक्ताचे घटक वेगळे करणारे सेंट्रिफ्यूज यंत्र आहे, दूरस्थ डॉक्टरचा सल्ला घेण्यासाठी लागणारे इंटरनेट आहे. आणि निवासस्थाने आहेत. डॉक्टर खेड्यात राहत नाहीत अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण ज्या क्वार्टरमध्ये मे महिन्याच्या रात्री पंखा नाही आणि नळाला पाणी नाही, तेथे लहान मुले घेऊन कोण राहील? कर्मचारी मुक्कामी राहिले तर रात्रीचे केंद्र चालते, आणि मुक्कामाची निम्मी गोष्ट विजेची आहे.

याचा परिणाम कोणी मोजला आहे का?

मोजला आहे, आणि तोही आपल्या शेजारच्या राज्यात. छत्तीसगडमध्ये ‘क्रेडा’ या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने २०१२ ते २०१६ या काळात ५७० प्राथमिक आरोग्य केंद्रांवर प्रत्येकी २ किलोवॉटचे, बॅटरीसह सौरसंच बसवले. दिल्लीच्या ‘सीईईडब्ल्यू’ या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये सौरसंच असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांची तुलना प्रसिद्ध केली. सौरसंच असलेल्या केंद्रांत दाखल होणारे रुग्ण ५० टक्क्यांहून अधिक जास्त होते आणि दरमहा होणाऱ्या प्रसूती जवळपास दुप्पट होत्या.

कोणी म्हणेल, मुळातच चांगल्या चालणाऱ्या केंद्रांना संच मिळाले असतील. मग हे श्रेय विजेचे कसे? हा आक्षेप रास्त आहे. दोन केंद्रांत डॉक्टर, रस्ता, रुग्णवाहिका असे अनेक फरक असतात आणि दुप्पट प्रसूतींचे सारे श्रेय छतावरच्या पट्ट्यांना देणे धाडसाचे ठरेल. तरीही दिशा स्पष्ट आहे आणि ती समजण्याजोगी आहे. ज्या केंद्रात रात्री दिवा असतो हे पंचक्रोशीला ठाऊक आहे, तिथेच आशा कार्यकर्ती बाळंतिणीला घेऊन जाते. जेथे अंधार असतो, तेथून ती गाडी थेट तालुक्याकडे वळवते, आणि वाटेतला तास वाया जातो.

हा केवळ आपल्या देशाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि इतर संस्थांनी जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील जवळपास १०० कोटी लोक ज्या आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत, तेथे वीज नाही किंवा बेभरवशाची आहे.

शाळा तर दिवसा भरते. तिला विजेची एवढी काय गरज?

हा प्रश्न खेड्यातच अधिक विचारला जातो, आणि त्यात थोडे तथ्य आहे. चांगला शिक्षक झाडाखालीही शिकवतो, आणि विजेचा दिवा लागला म्हणून भागाकार येत नाही. दवाखान्यातील परिणाम रात्रीत दिसतो; शाळेतील परिणाम संथ, विखुरलेला आणि मोजायला अवघड असतो. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर खिडक्या बंद ठेवून वर्ग घ्यावे लागतात. पावसाळी दुपारी मागच्या बाकावर फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत. विदर्भात मार्चपासून पत्र्याच्या छपराखाली बसणे हीच शिक्षा असते. बोअरची मोटार चालली नाही तर स्वच्छतागृहात पाणी नाही, आणि पाणी नसलेले स्वच्छतागृह मोठ्या मुलींच्या दृष्टीने नसल्यातच जमा. सरकारच्या ‘यू-डायस प्लस’ या नोंदणीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील ९० टक्क्यांहून अधिक शाळांत वीज होती, पण चालू स्थितीतील संगणक मात्र ५७.२ टक्के शाळांत आणि इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत. जोडणी आणि वापर यांतली ही दरी केवळ विजेमुळे आहे असे नाही. परंतु कमी दाबाच्या विजेवर संगणक टिकत नाही, हेही तिचे एक कारण आहे.

आणि दिवसाच भरते असे ज्या शाळेविषयी म्हणताच येत नाही, ती आश्रमशाळा. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे ५०० शासकीय आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. येथे मुले राहतात, जेवतात, झोपतात. संध्याकाळी सात ते नऊ हीच त्यांची अभ्यासाची वेळ आणि हीच विजेच्या मागणीची सर्वांत तंग वेळ. रात्री स्वच्छतागृहापर्यंत जाणारी वाट उजेडाची नसेल तर लहान मूल उघड्यावर जाते किंवा सकाळपर्यंत कळ सोसते. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्या चाव्याची वेदनाही पुष्कळदा जाणवत नाही. वसतिगृहाच्या व्हरांड्यातला एक दिवा, जमिनीपासून उंच पलंग आणि जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. प्रतिविषाची पूड स्वरूपातील कुपी शीतसाखळीविना टिकते, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. आश्रमशाळेला बॅटरीवरच्या विजेत पहिला हक्क असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गावातील दिवसाच्या शाळेची वाट थोडी लांबली तरी चालेल.

बिल कोणी भरायचे?

अनेक शाळांत अंधार असतो तो तार नसल्यामुळे नव्हे, तर तार कापल्यामुळे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटानुसार वार्षिक संयुक्त अनुदान मिळते: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,००० रुपये. यातूनच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल भागवायचे. वाडीवरच्या वीस मुलांच्या शाळेने पंखे आणि प्रोजेक्टर खरोखर वापरले, तर दहा हजारांचा मोठा घास बिलच घेते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक युनिटही जळाले नाही तरी स्थिर आकार लागतोच. अनुदान उशिरा आले की थकबाकी, तिच्यावर व्याज, मग वायरमन येऊन जोडणी तोडतो. पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापक पदरमोड करतात किंवा गावातून वर्गणी काढतात.

मग फुकटच द्यावी, असा उपाय सुचवला जातो. महाराष्ट्रात सरकारी शाळा आणि रुग्णालये यांच्यासाठी ‘सार्वजनिक सेवा’ अशी वेगळी वर्गवारी आहे. तिचा दर आणखी कमी करता येईल. परंतु ज्या जोडणीतून कंपनीला काहीच मिळत नाही, तिच्या दुरुस्तीला कंपनी सर्वांत शेवटी येते, हा शेतीपंपांचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. माझ्या मते बिल असावे, ते भरले जावे, पण ते मुख्याध्यापकाच्या खिशातून नव्हे, तर जिल्हा परिषदेने सर्व शाळांचे एकत्रित, थेट कंपनीकडे भरावे. आरोग्य केंद्राला निदान अबंधित निधी, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्चता येणारे पैसे, आणि केंद्राचा कारभार पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीचा आधार असतो. एकशिक्षकी शाळेला तोही नाही.

सौर पॅनेल बसवले की प्रश्न मिटला ना?

येथे बहुतेकांची एक गफलत होते. छतावरचे सौरसंच दोन प्रकारचे असतात. वीजजाळ्याला जोडलेला, बॅटरी नसलेला संच बिल कमी करतो. पण गावाची वीज गेली की तोही बंद होतो, मग बाहेर लख्ख ऊन का असेना. खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा प्रवाह लागू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. वीज गेल्यावरही दिवा हवा असेल तर बॅटरीचा संच लागतो, आणि तो महाग असतो. बिल वाचवणे आणि अंधार टाळणे ही दोन वेगळी कामे आहेत; निविदा काढण्यापूर्वीच कोणते हवे, हे ठरवावे लागते.

संच किती मोठा हवा, याचा हिशेब अवघड नाही. आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट वीज देते. म्हणजे २ किलोवॉटचे सुमारे आठ युनिट. प्रसूतीगृहाचे एलईडी दिवे, लसीचा फ्रिज, काही कमी विजेवर चालणारे पंखे आणि तासाभरासाठी वॉर्मर एवढे त्यात भागते. मोटार, गीझर किंवा डॉक्टरांच्या खोलीतला एसी त्याच इन्व्हर्टरवर टाकला, तर रात्री दोन वाजता बॅटरी रिकामी होते. म्हणून जिवाशी गाठ असलेल्या उपकरणांची वायरिंग सुरुवातीपासून वेगळी ठेवणे हा या साऱ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षिलेला उपाय आहे.

पावसाळा ही खरी अडचण. ज्या आठवड्यात वाहिन्या तुटतात, त्याच आठवड्यात आभाळ भरलेले असते. त्यामुळे सह्याद्रीच्या पट्ट्यात केवळ सौरऊर्जेवर विसंबणे धोक्याचे. वीजजाळे आणि बॅटरी दोन्ही हवेत. डिझेल जनित्र शेवटचा आधार म्हणून ठीक आहे, पण चार दिव्यांसाठी ते चालवणे परवडत नाही, आणि इंधनाचे बिल मंजूर होईपर्यंत ते सहसा कोरडेच उभे असते.

लेड-ॲसिड बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, तिच्यात वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे लागते, पॅनेल पुसावे लागतात. छत्तीसगडची योजना टिकली ती क्रेडाने संच बसवून हात झटकले नाहीत, देखभालीसाठी तंत्रज्ञांची फळी ठेवली म्हणून. आपल्याकडे आमदार निधीतून किंवा देणगीतून आलेल्या संचाचे उद्घाटन थाटात होते. पाचव्या वर्षी नवी बॅटरी कोणत्या लेखाशीर्षातून घ्यायची, हे मात्र त्या दिवशी ठरलेले नसते. गावात असा संच येणार असेल तर ग्रामसभेत विचारायचा पहिला प्रश्न किलोवॉटचा नसावा. बॅटरीचे पैसे कोणाकडे जमा आहेत आणि बिघाड झाल्यावर फोन कोणाला करायचा, हे करारात लिहून घ्यावे आणि तो क्रमांक इन्व्हर्टरच्या शेजारी भिंतीवर रंगवून ठेवावा.